कार्यक्रमात बेस गिटार: वाद्य, ॲम्प आणि स्टेज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या मांडवात, नाट्यगृहात, कॉलेजच्या गॅदरिंगला, गोव्यातल्या लग्नांत बेस (खालच्या स्वरांची, जाड तारांची गिटार) वाजवताना कार्यक्रम संपल्यावर मुलं-मुली स्टेजपाशी येतात आणि प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: ऐकणाऱ्याला बेसचा सूर कळला पाहिजे. छातीत धडधड तर कुठलाही मोठा सबवूफर करून देतो. कोणता स्वर वाजतोय आणि तो तालात नेमका कुठे पडतोय, हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळणं हे आपलं काम आहे.

पहिली बेस चार तारांची घ्यावी की पाच?

शिकायला चार तारांची घ्या. हाताला वळण लागतं, नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवायची सवय होते. पण हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवणार असाल तर पाच तारांचा विचार लवकर करावा लागतो. कारण सांगतो.

आपले गायक स्वर पेटीच्या पट्टीत सांगतात. कुणाची काळी एक, कुणाची काळी चार, कुणाची काळी पाच. बेसच्या चार मोकळ्या तारा मात्र सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांत आहेत: जाड तारेपासून मोजलं तर पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. म्हणजे काळीत गाणाऱ्या गायकामागे मोकळ्या तारेवर षड्ज मिळतच नाही. काळी एकचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांब्या) सापडतो, पण त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज चार तारांवर नाहीच. काळी दोनमध्ये तर तो अवघ्या अर्ध्या सुराने हुकतो. धीम्या गाण्यात अंतऱ्यानंतर समेवर येताना तो खालचा षड्ज हवासा वाटतो आणि हाताखाली तार नसते. पाचवी तार पांढरी सातची असते. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक आणि चौथ्यावर काळी दोन मिळते.

ऐन कार्यक्रमात आणखी एक प्रसंग हमखास येतो. गायकाचा गळा बसलेला असतो आणि तो वळून म्हणतो, "अर्धा सूर खाली घ्या." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि मोकळा होतो. बेसला असं बटण नाही. गाणं मोकळ्या तारांच्या आधाराने बसवलं असेल तर सगळी बोटं नव्याने शोधावी लागतात. म्हणून तारा चार असोत की पाच, गाणी मोकळी तार न वापरता बसवा. मग पट्टी बदलली तरी पंजा तसाच्या तसा एक फ्रेट सरकतो.

पाच तारांची घेताना दुकानात एक परीक्षा जरूर करा. सर्वांत जाड तारेचा पाचवा फ्रेट वाजवा आणि शेजारची तार मोकळी वाजवा. दोन्ही स्वर एकच आहेत. पहिला गुरगुरला आणि दुसरा खणखणीत निघाला, तर ती बेस ठेवून द्या.

प्रिसिजन आणि जॅझ यांत फरक काय? नवशिक्याने कोणती घ्यावी?

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बेस आणली. उभ्या डबल बेसवर स्वर कानाने शोधावा लागे. इथे फ्रेट असल्यामुळे तो नेमका मिळतो, म्हणून हे नाव. १९६० मध्ये जॅझ बेस आली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बेस, मग नाव कोणत्याही कंपनीचं असो, या दोघींच्या मुली किंवा नाती आहेत.

प्रिसिजनवर मधोमध एकच पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक) असतो, दोन तुकड्यांत विभागलेला. १९५७ पासूनची ही रचना विजेची गुणगुण आपोआप मारते. तिचा आवाज भरीव असतो आणि गर्दीत आपली जागा धरून ठेवतो. जॅझवर दोन पिकअप, मान डोक्याकडच्या टोकाला, नटपाशी, अरुंद, आवाजात जास्त छटा. आजकालच्या जॅझमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडे असले की गुणगुण जाते आणि एक कमी केला की परत येते. लग्नाच्या हॉलमध्ये झगमगत्या दिव्यांचे डिमर चालू असताना हे फार जाणवतं.

मी नवशिक्याला प्रिसिजन सुचवतो, कारण बटणं कमी आणि चुकायला जागा कमी. बोटं लहान असतील तर जॅझची मान सोयीची पडते. खांदा दुखत असेल किंवा वाजवणारं मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर ३४ इंचांऐवजी ३० इंच स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) बेस घ्यायला अजिबात संकोच करू नका.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?

ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रीॲम्प असतो, त्यामुळे वाद्यावरच खर्ज आणि वरचे तीक्ष्ण स्वर कमी-जास्त करता येतात. सोय मोठी आहे, पण जॅक लावून ठेवला की वाजवत नसतानाही बॅटरी उतरत राहते. वाजवून झालं की पिन काढायची. आवाज अचानक खरखरीत, फाटका यायला लागला, तर ॲम्पला दोष देण्याआधी बॅटरी बदलून बघा.

जुनी बेस घेताना काय पाहू?

मान. बाकी सगळं दुरुस्त होतं. डोळ्यासमोर धरून मान सरळ आहे का, पीळ पडलाय का ते पहा. मान किंचित पुढे वाकलेली असेल तर आतला ट्रस रॉड फिरवून सरळ करता येते, पण पीळ पडलेली मान नशिबावर सोडावी लागते. ट्रस रॉडचा नट फिरतोय ना, हे विकणाऱ्याच्या समोरच तपासा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पहा, सगळीच्या सगळी. लोकांना लाज वाटते आणि दोन गाणी वाजवून ते पैसे देतात. चौदाव्या फ्रेटवरचा मुका स्वर मग घरी गेल्यावर सापडतो.

घेतल्यावर चांगल्या कारागिराकडून सेटअप (मान, तारांची उंची आणि सूर यांची जुळणी) करून घ्या. हा खर्च टाळून महागडा पेडल घेणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. मध्यम प्रतीची बेस नीट सेटअपवर महागड्या पण बेवारस बेसपेक्षा सुरेल वाजते.

तारा कोणत्या लावाव्यात आणि कधी बदलाव्यात?

बहुतेकांना राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या तारांचा), ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच पुरतो. नव्या असताना चकचकीत वाजतात आणि हळूहळू मऊ होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाने त्या लवकर मरतात, म्हणून प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा.

जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल तर फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावून बघा. आवाज गोल, लाकडी येतो, बोटांची खरखर नाहीशी होते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं बदलत नसत आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या चमूत टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी हेडफोन लावून ऐका. स्वर किती लांबवायचा आणि कुठे तोडायचा, याचं शिक्षण त्यात भरलेलं आहे.

किती वॅटचा ॲम्प लागेल?

कॅफेत किंवा घरगुती मैफलीत, ड्रम नसताना ५० ते १०० वॅट पुरतात. ड्रमसेट आणि दोन गिटारी असतील आणि मोठ्या पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या ध्वनियंत्रणेत) बेस जात नसेल, तर ३०० ते ५०० वॅट हवेत. खालच्या स्वरांना ताकद फार लागते. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून २०० चा ॲम्प देऊन ३०० चा घेण्यात काही हशील नाही. त्याच पैशांत दुसरं तसंच कॅबिनेट (स्पीकरचं कपाट) जोडलं, तर फरक लगेच कळतो.

१९६९ मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी हा ॲम्प काढला. त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकरचं कपाट असे. मैदानी कार्यक्रमांत पीए तोकडे असत, तेव्हा बेसवाल्याला आपला आवाज आपणच पोचवावा लागे. आज साउंडवाला सबवूफरची भिंत घेऊन येतो आणि दोन-तीन किलोचं क्लास-डी हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) ५०० वॅट देतं. मोठा ॲम्प दिसायला भारी असतो हे मान्य, पण तो तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हेही आधी ठरवा.

गिटारचा ॲम्प बेसला चालेल का?

घरी हळू आवाजात चालेल. कार्यक्रमात नको. गिटारच्या स्पीकरचा कोन बेसच्या खालच्या स्वरांना लागणारी मोठी हालचाल सोसत नाही. आधी फडफडतो, मग फाटतो. अडचणीच्या वेळी कीबोर्डचा ॲम्प बरा.

हेड आणि कॅबिनेट जोडताना ओहमचं काय?

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. हेडच्या मागे 'किमान ४ ओहम' असं लिहिलेलं असतं. ८ ओहमचं एक कॅबिनेट लावलंत तर काही बिघडत नाही, फक्त ताकद कमी मिळते. ४ ओहमला ५०० वॅट देणारं हेड तिथे साधारण अडीचशे-तीनशे देतं. ८ ओहमची दोन कॅबिनेट लावली की मिळून ४ होतात, पूर्ण ताकद. ४ ओहमची दोन लावली की २ होतात आणि हेड गरम होऊन बंद पडतं किंवा जळतं. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर स्पीकर न लावता चालू करायचाच नाही, ट्रान्सफॉर्मर जातो.

हेड ते कॅबिनेट स्पीकरचीच केबल लावा. गिटारची वायर दिसते तशीच, पण आतली तार केसासारखी बारीक असते आणि मोठ्या आवाजात तापते. पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाड वायर आणि स्पीकॉन पिना सहज मिळतात. डाग देता येत असेल तर केबल घरीच बनवा.

ॲम्प न नेता थेट मिक्सरमध्ये वाजवलं तर?

हल्ली बरेच कार्यक्रम असेच होतात. मात्र मध्ये डीआयचा डबा हवा. पॅसिव्ह बेसच्या पिकअपला पुढे साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये ते त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतं, म्हणून थेट लावलेली बेस गोधडीखालून वाजल्यासारखी येते. डीआय हा मेळ घालतो आणि लांबच्या मल्टीकोअर केबलमधून सिग्नल खरखर न येता मिक्सरपर्यंत नेतो.

पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह बेसला पॅसिव्ह डीआय, असा साधा ठोकताळा आहे. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच येणारा वीजपुरवठा) लागतो किंवा आत बॅटरी. साउंडवाल्यांना ते आधीच सांगा.

ॲम्पच्या मागच्या डीआयला 'प्री' आणि 'पोस्ट' असं बटण असतं. ते 'प्री'वर ठेवा, म्हणजे ॲम्पच्या टोनच्या बटणांआधीचा आवाज मिक्सरला जातो. नाहीतर तुम्ही स्टेजवर स्वतःला ऐकू यावं म्हणून खर्ज वाढवता आणि तिकडे हजार माणसांच्या कानावर तो आदळतो.

स्वतःचा डीआय बाळगा. माझ्या मते बेस आणि केबलनंतर पहिले पैसे यावर खर्च व्हावेत, ॲम्पवर नंतर.

घरी छान वाजतं, स्टेजवर नुसता चिखल होतो. असं का?

हा मला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न. घरी एकटे वाजवताना आपण खर्ज वाढवतो, वरचे तीक्ष्ण स्वर वाढवतो आणि मधला पट्टा खाली ओढतो. कानाला गोड लागतं. स्टेजवर खाली किक ड्रम, ढोलकीचा धुमा किंवा ऑक्टापॅडचा ठोका बसलेला असतो, वर झांजा आणि गायक. बेसला उरलेली जागा मधली, आणि तीच आपण कापून आलेलो असतो.

सर्वांत जाड मोकळ्या तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. पण तारेतून त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही निघतात आणि पुष्कळदा ८२ हर्ट्झचा अंश मूळ स्वरापेक्षा ठळक असतो. या वरच्या अंशांवरून कान मूळ स्वर ओळखून काढतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर आपल्याला बेसची चाल कळते ती त्यामुळेच. म्हणून सूर कळायला हवा असेल तर ७०० ते ९०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा, २०० ते ३०० मध्ये थोडं कमी करा आणि ३५-४० च्या खालचं हायपास फिल्टरने काढून टाका. एकटं वाजवताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू द्या. सगळे मिळून वाजवायला लागले की तोच नेमका बसतो.

जागेचाही हात असतो. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी ८ मीटरच्या वर जाते. बंद हॉलमध्ये ती भिंतींवर आपटून काही स्वर फुगवते, काही गिळते. एकच स्वर सारखा घुमत असेल तर सगळा खर्ज कमी करू नका, तो स्वर हलक्या बोटाने वाजवा. मोकळ्या मांडवात भिंतीच नसतात, तिथे उलट खर्ज उडून जातो.

ॲम्प कुठे ठेवावा?

गुडघ्याजवळ ठेवलेल्या ॲम्पचा स्पष्ट आवाज पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नुसती घुमघुम. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. भिंतीला चिकटवला तर खर्ज वाढतो. फळ्यांच्या पोकळ स्टेजवर खाली फोम किंवा जाड रबर घाला, नाहीतर सगळं स्टेज ढोल होतं. जागा शक्यतो ड्रमच्या हाय-हॅटच्या (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजेच्या) बाजूला, म्हणजे ड्रमर आणि तुम्ही एकमेकांना पाहू शकता.

कीबोर्डवाल्याचा डावा हात सतत माझ्यावर येतो. काय करू?

कार्यक्रमाआधी चहा घेताना बोला, स्टेजवर नको. अरेंजर कीबोर्डच्या स्टाइलमध्ये (आपोआप वाजणाऱ्या साथीत) बेसचा वेगळा ट्रॅक असतो, तो बंद करता येतो हे काहींना लक्षातच नसतं. "दादा, आज बेस मी धरतो, स्टाइलमधली तेवढी बंद ठेवाल का?" एवढ्या शब्दांत काम होतं. तरीही ते डाव्या हाताने खाली वाजवणार असतील, तर तुम्ही एक सप्तक वर राहा. दोन बेस एकत्र वाजण्यापेक्षा ते बरं.

माइकला ओठ लागला की झटका बसतो. किरकोळ आहे का?

नाही. हे उत्तर नीट वाचा.

बेसच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या पत्र्याला आणि तिथून अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्ही एकाच बोर्डावरून, चांगल्या अर्थिंगवर असतील तर दोघांत विजेच्या दाबाचा फरक नसतो. पण ॲम्प मांडववाल्याच्या बोर्डावर, मिक्सर जनरेटरवर, आणि त्यातल्या एकाची अर्थिंग तुटलेली, त्यात ॲम्पमध्ये आतून गळती, असं झालं तर तो दाब तुमच्या ओठांतून बोटांत जातो. पावसात भिजलेलं स्टेज आणि अनवाणी पाय असतील तर धोका आणखी वाढतो. एका गणेशोत्सवात माझा हात तारेवरून निघेना, शेजारच्या ढोलकीवाल्याने पाय मारून प्लग उडवला. तेव्हापासून मी पुढचे नियम मोडलेले नाहीत.

ॲम्पची वीज साउंडवाल्यांच्याच बोर्डावरून घ्यायची. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही तोडायची नाही, दोन पिनांचा ॲडॉप्टर लावायचा नाही. गुणगुण येते म्हणून अर्थिंग काढणारे मी पाहिले आहेत. गुणगुणीसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या वायरची जमीन तोडतं, विजेची नाही. साउंडचेकला माइकला तोंड लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावायचं. काही व्होल्टच्या वर आकडा गेला की वाद्य खाली ठेवायचं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. आयोजक घाई करतील, करू द्या. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हेही विचारायचं. गाणाऱ्या बेसवाल्याने वायरलेस वापरला तर तारा आणि ॲम्प यांच्यातला रस्ताच तुटतो, म्हणून मला तो चैनीचा वाटत नाही.

पावसाळ्यात तारा फ्रेटवर खडखडतात किंवा उंच होतात. बेस बिघडली का?

लाकूड ओल घेतं, मान हलते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट पहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, साधारण ०.३ मिलिमीटर. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेराच आवळायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याकडे जाताना बंद गाडीत बेस ठेवून जेवायला जाऊ नका.

कानांची काळजी घ्यावी लागते का?

हो, पहिल्या कार्यक्रमापासून. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आपले कार्यक्रम तीन तास चालतात. संगीतकारांसाठीचे इअरप्लग वापरा आणि झांजेशेजारी उभं राहणं टाळा.

रात्री दहाला काय होतं?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. बेसवाल्याने हे लक्षात ठेवावं, कारण भिंती ओलांडून शेजारच्या आजीच्या खोलीत शिरतो तो खर्जच. नऊनंतर मी ॲम्पचा खर्ज स्वतःहून उतरवतो. त्या आजीला झोप लागते आणि मंडळाला पुढच्या वर्षी परवानगी मागताना अवघड होत नाही.

बॅगेत काय काय असावं?

दोन केबल, डीआय, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तारांचा एक संच, ट्यूनर, ॲलन की, छोटा मल्टिमीटर, अर्थिंगसह एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, चिकटपट्टी, सुती फडकं. आणि गाण्यांची यादी कागदावर, प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून. मोबाइलची बॅटरी नेमकी शेवटच्या लावणीच्या आधी संपते.